पेढे वाटून सोडलेली नोकरी

माझी सून सारिका म्हणाली, "आत्या, तुमीच लिवा. मी लिवाय बसले की रडाय येतंय, आन रडलं की दम लागतोय."

म्हणून हे मी लिहितेय. आजार तिचा, हृदय तिचं, गेली ती नोकरीही तिची. माझ्या वाट्याला आली ती नुसती धावपळ, आणि आता ही लेखणी. बाळंतपणाची रजा संपत आलीय आणि घरातली बाळंतीण अजून भिंतीला धरून चालतेय, अशा एखाद्या घरात हे कुणी वाचलं तर माझा चष्मा सत्कारणी लागला असं मी समजेन.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. सारिका मोहोळकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. ती शाळेत होती तेव्हाच तिची आई गेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायचं, तर तिथं वडील आणि दोन भाऊ. दूध उतू गेल्यावर गॅस बंद करायचा असतो इतपतच त्यांचा स्वयंपाकघराशी संबंध. तेव्हा बाळंतपण माझ्याच गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मी ते आनंदानं पाडून घेतलं. मला मुलगी नाही. कुणाच्या तरी डोक्याला तेल चोळायची माझी हौस राहून गेली होती.

सारिका शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात होती. लग्नाआधीपासून. आधी धागे कापायला लागली, मग कॉलर लावायला, मग चेकिंगच्या टेबलावर गेली. त्या कारखान्यात बायकांची एक छान रीत आहे. कुणाला मूल झालं की गणवेशाच्या उरलेल्या कापडातून झबलं-टोपडं शिवायचं आणि सगळ्यांनी मिळून बघायला जायचं. त्यामुळे त्या बायकांची पोरं पाळण्यातच कुठल्या ना कुठल्या शाळेत भरती झालेली असतात. आमच्या नातीला निळ्या-पांढऱ्या चौकटीची शाळा मिळाली.

*

पुढचं सांगण्याआधी माझ्या स्वतःच्या नोकरीचं सांगते. नंतर लागेल.

मी एका मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होते. तेव्हा मिलच्या भोंग्यावर अख्खं सोलापूर घड्याळं लावायचं. आणि मी? केसात अबोलीचा गजरा, खांद्याला रेक्झिनची पर्स आणि डोक्यात वारं. टाइपरायटर बडवता येतो म्हणजे आपण देशाचा कारभार चालवतो अशी माझी समजूत होती. चाळीतल्या बायकांशी मी मुद्दाम दोन शब्द इंग्रजी बोलायचे, आणि त्यांतला एक चुकीचा असायचा.

उमेश, म्हणजे सारिकाचा नवरा, झाला आणि माझ्या छातीला गळू झालं. ताप चढे, उतरे, परत चढे. चिरा द्यावा लागला, मग पुन्हा द्यावा लागला. रजा संपून गेली तरी मी अंथरुणातच. एक दिवस ऑफिसातले हेडक्लार्क मोसंबी घेऊन घरी आले. देवमाणूस! खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "बाई, तुम्ही आता बाळाकडं बघा. तुमच्या जागेवर आम्ही एक मुलगी बघितली आहे, तुम्हाला उगाच ओढाताण नको. इथं एक सही करा फक्त."

मी सही केली. वर त्यांना चहा केला, सासूबाईंना पोहे करायला लावले आणि निघताना ऑफिससाठी पेढ्यांचा पुडा दिला. उमेशच्या जन्माचे राहिलेच होते ना! "त्या नव्या मुलीलाही द्या हं," असं दारापर्यंत जाऊन सांगितलं. म्हणजे माझ्या खुर्चीवर बसलेल्या मुलीचं तोंड मी गोड केलं.

पुढं ती मिलच बंद पडली, मग रुखरुख वाटायचीही सोय राहिली नाही. ही गोष्ट मी घरात किती वेळा सांगितली असेल! "मी नोकरी सोडली ना, तेव्हा साहेबलोकांनी घरी येऊन निरोप दिला, आणि मी पेढे वाटले." उमेशला ती पाठ आहे. सारिकालाही लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत पाठ झाली.

*

मुलगी झाली, चांगली गुबगुबीत. मी शेक-शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल असं सगळं साग्रसंगीत चालवलं. काही दिवसांनी सारिकाचे पाय सुजायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाळंतवारं. मी म्हटलं, असेल. मग ती आडवी झाली की खोकायला लागली. मी धुरी बंद केली. मग न्हाणीपर्यंत चालून आली की दाराची चौकट धरून उभी राहायची. "काय होतंय गं?" "काय न्हाय आत्या. लई दमल्यावानी होतंय." बाळंतीण दमणार नाही तर काय, असं सगळ्यांचंच मत पडलं. अंगावर पाजतेय, बाळ जागवतंय, दमणारच.

एका सकाळी ती बसूनच झोपलेली दिसली. भिंतीला पाठ, मांडीवर उशी, उशीवर डोकं. आडवं होताच येत नव्हतं तिला, आणि आम्हाला त्रास नको म्हणून ती बोललीही नव्हती. ओठांचा रंग पाहिला आणि मी उमेशला हाक मारली. तो नवी पेठेत साड्यांच्या दुकानात कामाला आहे, निघायच्याच तयारीत होता. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली, रिक्षावाला म्हणाला तो दवाखाना जवळचा, तिथं नेलं. त्या क्षणी कुणाला विम्याचं कार्ड आठवतंय? सारिकाचं कामगार विम्याचं कार्ड कपाटात साड्यांखाली होतं, आणि ते तिथंच राहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

डॉक्टर कोवळा पोरगा होता. मशीन लावून त्यानं तिचं हृदय पडद्यावर पाहिलं. मग मला आणि उमेशला बाहेर बोलावून म्हणाला, "आजी, यांचं हृदय फुगलंय. कमजोर झालंय. बाळंतपणानंतर काही जणींना होतं असं."

मी म्हटलं, "अहो, मूल झाल्यावर छाती बापाची फुगायची असते. हिची कशी काय फुगली?"

तो हसला नाही. उमेशही हसला नाही. माझं असंच आहे, भीती वाटली की जीभ आधी धावते. मग डॉक्टर म्हणाला, "आणायला अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," आणि मी तिथल्या बाकावर बसले. बाळ माझ्याकडं होतं. ते भुकेनं रडत होतं आणि त्याची आई काचेच्या पलीकडं होती.

*

दवाखान्याचा दिवस आपल्या दिवसासारखा नसतो. सकाळी वजन. वजन वाढलं तर अंगात पाणी साठलंय, कमी झालं तर चांगलं. आयुष्यात पहिल्यांदाच वजन घटलं म्हणून मी कुणाचं कौतुक करत होते. पाणी मोजून प्यायचं. एप्रिलचं सोलापूर आणि पाणी मोजून! ती ओठांवरून जीभ फिरवायची आणि माझ्याकडं बघायची नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

दूध तोडावं लागलं, औषधांमुळे. ते तिला फार लागलं. छाती भरून यायची आणि बाळ माझ्या हातून बाटली पीत असायचं. "माज्याकडं बघतबी न्हाय आता ती," असं एकदाच म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं. यावर मला काहीसुद्धा विनोद सुचला नाही.

मीठ बंद. सोलापूरकराला शेंगाचटणी बंद करणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी घरून बिनमिठाची शेंगाचटणी कुटून नेली. तिनं घास घेतला, थांबली, म्हणाली, "आत्या, ही चटनी हाय का दाताची पावडर?" आणि हसायला लागली. हसता हसता धाप लागली, नर्स धावत आली, आम्ही दोघींनी बोलणी खाल्ली. तेवढं एक हसू त्या सगळ्या दिवसांत मिळालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी वाटी मागून घेतली आणि चाटूनपुसून संपवली. त्यांना तर मीठ चालत होतं! कुणाची चव कशात असेल, सांगता येत नाही.

उमेशचं आणि माझं मात्र त्या दिवसांत पटेना. तो चिडचिडा झाला होता. "तुला पाय सुजलेले दिसले नाहीत का?" असं एकदा कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं बोलला. मी म्हटलं, "दिसले. तू शेजारी झोपत होतास, तुला खोकला ऐकू आला नाही का?" मग त्यानं माझ्या हातातला डबा घेतला आणि जिन्यावरून माझ्या पुढं चालायला लागला, हळू, माझ्या पावलानं.

*

ती घरी आली तेव्हा रजा संपायला आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, इतक्यात काम नाही. उमेश कारखान्यात जाऊन लाइनमास्तरांना भेटला. हे मास्तर म्हणजे मशिनींच्या रांगेवरचे मुकादम; सारिकाला कॉलर लावायला त्यांनीच शिकवलं होतं. त्या कारखान्यात आजवर कुणी रजेसाठी अर्ज केलेला नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं पोर तापलं, की मास्तरांना तोंडानं सांगायचं. मास्तर "बरं" म्हणायचे, आणि ते "बरं" सगळीकडं चालायचं.

उमेशनं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी चष्मा लावून पाहिलं, चुकचुकले आणि परत देत म्हणाले, "ठेव तुझ्याजवळच, हितं हरवंल. बरी झाली की यू दे म्हनावं."

उमेश समाधानानं घरी आला. आम्हीही समाधानानं जेवलो.

मग रजा संपल्यावरच्या रविवारी बारसं केलं. तोवर पोर नुसती 'बाळ'च होती; आई आधी आजारी, मग दवाखान्यात, पाळणा कसा करणार? कारखान्यातल्या बायका येणार म्हणून सारिका सकाळपासून हटून बसली. "मला आजाऱ्यावानी न्हाय दिसायचं आत्या. लाइनवरच्या बाया येनार. मला चांगली साडी नेसवा." मी तिला माझी जांभळी पैठणी नेसवली. ती खुर्चीत बसून, मी भोवती फिरून. गालाला पावडर, थोडी लाली, डोळ्यांत काजळ, केसात गजरा. मंगल दिवशी घरात आजाराचं नाव काढायचं नाही हे तर आपल्यात सांगावंही लागत नाही. आरशात बघून ती म्हणाली, "आता कोन म्हनंल?" खरंच कुणी म्हटलं नसतं. उभी राहिली की पाय थरथरायचे, पण पैठणीचा घोळ मोठा असतो.

बायका आल्या, निळ्या-पांढऱ्या चौकटीचं झबलं आलं. कारखान्याच्या शेठच्या पत्नीही आल्या, सगळ्या त्यांना वहिनी म्हणतात. चांदीचा वाळा घेऊन आल्या, सारिकाच्या शेजारी बसून मोबाइलवर फोटो काढला. "बाळंतपण मानवलंय हं तुला! कधी येतेस? सीझन तोंडावर आलाय."

"येते की वहिनी," सारिका म्हणाली, "डाक्टरनी हो म्हनलं की आलेच."

वहिनींनी पहिलं अर्धं ऐकलं, आणि पेढा घ्यायला वळल्या.

बाळाला पाळण्यात ठेवायची वेळ आली तेव्हा सारिकाला वाकता येईना. तिच्याच टेबलावर काम करणारी रेणुका जवळ होती. विणकरांच्या घरातली, नुकतं लग्न झालेली पोर. तिनं पटकन बाळ घेतलं आणि स्वतः ठेवलं. हळूच म्हणाली, "अक्का, तुमचे हात किती गार पडले." सारिकानं तिला डोळ्यानं गप्प केलं. ईश्वरी नाव ठेवलं. छान झालं बारसं.

*

रजा संपून महिनाही झाला नव्हता, तेव्हा रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. मी जुनी टायपिस्ट. सवयीनं आधी टायपिंग बघितलं. एकही चूक नव्हती, समास सरळ, परिच्छेद नेटके. मग मजकूर वाचला. रजा संपल्यावर न कळवता गैरहजर राहिल्यामुळे आपण आपली सेवा स्वतःहून सोडली आहे असे समजण्यात येते.

सारिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी कुटं सोडली?"

मी काहीतरी समजावायला लागले. ती ऐकतच नव्हती. "मी कवा सोडली आत्या? सांगा की. मी दवाखान्यात होते. मी कुटं सोडली?" दिवसभर, मधेच, भाजी निवडताना, बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालताना. तिनं आदळआपट केली नाही, कुणाला शिव्या घातल्या नाहीत. तिला फक्त तेवढं एक कळत नव्हतं. त्या आठवड्यात तिच्या पायांवर पुन्हा सूज आली आणि आम्ही परत दवाखान्यात गेलो. कागदानं माणूस आजारी पडतं का, मला माहीत नाही. मी पाहिलं तेवढं सांगतेय.

ओळखीतून एका वकीलबाईंकडं गेलो. साध्या, टेबलावर डबा उघडाच ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी आधी उमेशला बसवलं आणि मग समजावून सांगितलं. ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"रजा संपली म्हणजे बाईवरचं छत्र लगेच जात नाही. दुखणं बाळंतपणातूनच आलेलं असेल आणि तसा पुरावा दिला, तर आणखी एक महिना रजा मिळते. त्या दिवसांत कामावरून काढता येत नाही. आणि कामगार विमा असेल, विम्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल की हे बाळंतपणाचं दुखणं आहे, अजून कामाला जाता येत नाही, तर त्या दुखण्यातही काढता येत नाही. तुम्ही विम्याच्या दवाखान्यात गेला होता?"

"नाही. दुसऱ्या."

"बरं. निदान कारखान्याला दवाखान्याचा कागद दिला होता?"

"मास्तरांना दाखवला ना," उमेश म्हणाला.

"दाखवला की दिला?"

उमेशनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी गृहपाठ राहिला की असाच बघायचा.

वकीलबाईंनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "बघू," म्हणाल्या. "विम्याच्या दवाखान्यात आता तरी जा. उशिरा का होईना, लिहून घ्या. आणि तिला विचारा, तिला काय हवंय."

सारिकाला विचारलं. ती म्हणाली, "माजी जागा. न्हाय मिळाली तर मिळाली न्हाय. पन मी सोडली असं म्हनायचं न्हाय."

*

वकीलबाईंनी अर्ज केला आणि सरकारी कामगार ऑफिसातून आम्हाला बोलावणं आलं. तिथं जिना होता. सारिका मधल्या पायरीवर टेकली, श्वास आला की दोन पायऱ्या, पुन्हा टेकली. वर एका मोठ्या टेबलाभोवती सगळे. तिथले साहेब, कारखान्याचे मॅनेजर, त्यांच्या मागं उभे असलेले मास्तर. साहेबांनी माझ्याकडं पाहून आधीच नाक मुरडलं. सासू म्हटल्यावर छळच करत असणार! मी अगदी गरीब चेहरा केला, त्यानं संशय आणखी वाढला.

मॅनेजरनी मोबाइल पुढं केला. बारशातला फोटो. पैठणी, गजरा, लाली, शेजारी वहिनी. "साहेब, रजा संपल्यानंतरचा आहे. या बाई आजारी दिसतात का? आमच्या मॅडमना स्वतः म्हणाल्या, येते म्हणून."

साहेबांनी फोटो बघितला, मग समोर बसलेल्या सारिकाकडं बघितलं. खोल गेलेले डोळे, सुती साडी.

"बाई, या फोटोत तर तुम्ही चांगल्या दिसताय."

"पावडर हाय ती, साहेब," सारिका म्हणाली.

साहेब मास्तरांकडं वळले. "यांच्या नवऱ्यानं तुम्हाला दवाखान्याचं काही दाखवलं होतं का?"

मास्तर जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "आठवत न्हाय साहेब."

सारिकानं मान खाली घातली. त्याच मास्तरांनी तिला कॉलर शिकवली होती. उमेश उठायला लागला, मी त्याचा शर्ट धरला.

मग मॅनेजर गोड आवाजात बोलायला लागले. कारखान्याला कुणाचं वाईट करायचं नाही. बाईंनी राजीनामा लिहून द्यावा. बाळाकडं बघावं, तब्येतीकडं बघावं. बरं वाटलं की पुढच्या सीझनला घेऊ की, नवीन म्हणून. त्यांच्या जागेवर सध्या एक मुलगी बघितली आहे, तेव्हा उगाच ओढाताण नको. त्यांनी कागद सारिकाच्या पुढं सरकवला. "इथं एक सही करा फक्त."

मी त्या खोलीत होते आणि नव्हतेही. मला मोसंबीचा वास आला. खुर्चीच्या टोकावर बसलेले ते देवमाणूस दिसले. आणि दारात उभी असलेली ती अबोली माळलेली मठ्ठ मुलगी, ताप अंगात, छातीला पट्टी, हातात पेढ्यांचा पुडा. "त्या नव्या मुलीलाही द्या हं." अगं बये! तुला काढलं होतं गं. घरी येऊन, तुझाच चहा पिऊन काढलं. आणि तू त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलीस.

इतकी वर्षं मी ही गोष्ट हसत सांगत आले आणि ती काय आहे ते मला कळलं नव्हतं. कळलं ते परक्या ऑफिसात, सुनेच्या शेजारी बसून. मला हसू यायला हवं होतं. स्वतःवर हसायला मला एरवी फारसं निमित्त लागत नाही. त्या वेळी नाही आलं.

सारिकानं कागद वाचला. हळू वाचते ती, ओठ हलवत. मग तो दोन बोटांनी मॅनेजरकडं परत सरकवला.

"मी सोडली न्हाय," ती म्हणाली. "तुमी काडलंय. तसं लिवा, मग मी सही करते."

*

तसं कोण लिहील? तडजोड झाली नाही असा शेरा पडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथं तारखा पडतात. वकीलबाई म्हणतात, विम्याच्या डॉक्टरांचा कागद उशिराचा, त्यात फोटो आड येतोय. बारशाला तिची खरी अवस्था पाहिलेलं कुणी येऊन सांगेल का, असं त्यांनी विचारलं. रेणुकाचं नाव मीच घेतलं.

रेणुका घरी आली, केळी घेऊन. उंबऱ्यातच रडायला लागली. "मावशी, मला सगळं आठवतंय. हात गार होते अक्काचे. पण माझं घर माझ्यावरच हाय. मी कोर्टात गेले तर दुसऱ्या दिवशी मला टेबलावर कोण बसू देईल?" सारिकानंच तिला आत घेतलं, पाणी दिलं, म्हणाली, "तू नगं येऊ. कळतंय मला." मला राग आला होता. मग वाटलं, ज्या बाईनं स्वतः सही करून वर पेढे दिले, तिनं कुणावर रागवावं?

डॉक्टर म्हणतात, हृदय थोडं सावरलंय. पूर्वीसारखं होईल की नाही, सांगता येत नाही. दिवसभर उभं राहायचं काम नको. आणि दुसरं मूल नको, कधीच नको. हे सांगितलं त्या दिवशी सारिका घरी आली, ईश्वरीचं ते चौकटीचं झबलं धुऊन वाळवलं, घडी घातली आणि पेटीत तळाशी ठेवलं. एरवी आपण पुढच्या बाळासाठी ठेवतो. तिनं का ठेवलं, मी विचारलं नाही.

*

परवा दुपारी रेणुका पुन्हा आली. आता तिलाच दिवस गेलेत, पोट चांगलं दिसायला लागलंय. पिशवीत मरून रंगाचं कापड होतं, कुठल्याशा शाळेच्या गणवेशातून उरलेलं. "बायका शिवतात अक्का, पन टोपड्याला तुमच्यासारखी पट्टी कुनाला येत न्हाय."

पायाची मशीन डॉक्टरांनी बंद केली, म्हणून उमेशनं मोटर बसवून दिलीय. सारिका शिवायला बसली. ईश्वरी खाली चिंध्या तोंडात घालत होती, मी एकेक काढत होते. शिवता शिवताच सारिका बोलत होती, मान वर न करता. "रजा संपायच्या आदी काय दुकलं-खुपलं तर इम्याच्या दवाखान्यात जायचं. दुसरीकडं न्यावं लागलं तर नंतर तरी तितं जायचं. लिवून घ्यायचं. मास्तरला तोंडानं सांगू नगं. हापिसात दे, आन दिल्याचा शिक्का घे. पाय सुजले तर कुनाचं ऐकू नगं. आमच्या आत्याचं तर अजिबात न्हाय."

"मी आता सुधारलेय," मी म्हटलं.

रेणुका हसली. मग मला म्हणाली, "मावशी, तुमीबी नोकरी करत होता म्हनं? मग कशापायी सोडली?"

सारिकाच्या ओठांवर थोडं हसू आलं. पुढचं तिला पाठ होतं. देवमाणूस, मोसंबी, पोहे, पेढे. मशीन चालूच होती.

"सोडली नाही गं," मी म्हटलं. "आजारी होते. काढलं मला."

मशीन थांबली. सारिकानं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "आन ते पेढे, आत्या?"

"ते मीच वाटले."